जखमी रक्तवाहिनी आणि माणसाचे वय : एका जुन्या प्रश्नाचा मागोवा

इब्न सीना यांच्या 'अल्-कानून फित्तिब' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात अवयवांची चर्चा करताना एक छोटासा मुद्दा येऊन जातो. शरीरातील काही अवयव बीजापासून घडतात आणि काही रक्तापासून, अशी त्या काळच्या वैद्यकाची धारणा होती. हाडे, मज्जातंतू, रक्तवाहिन्या हे पहिल्या वर्गातले. मांस दुसऱ्या वर्गातले. रक्तापासून झालेला अवयव जखमी झाला तर तो भरून येतो, कारण रक्त शरीरात रोज तयार होत असते. बीजापासून झालेला अवयव एकदा तुटला की खऱ्या अर्थाने सांधला जात नाही. मात्र येथे इब्न सीना एक अपवाद नोंदवतात. असे अवयवही क्वचित, मोजक्या परिस्थितीत आणि बालवयात सांधले जातात. उदाहरणार्थ हाडे आणि शिरांच्या बारीक फांद्या. मोठ्या शिरा आणि रोहिण्या मात्र या अपवादातही बसत नाहीत.

हा मुद्दा इ. स. १०२५च्या सुमारास पूर्ण झालेल्या ग्रंथातला आहे. रक्तवाहिनी, तिला झालेली इजा आणि इजा झालेल्या माणसाचे वय, या तीन गोष्टी येथे एकाच विधानात शेजारी शेजारी आल्या आहेत. त्या पुन्हा अशाच एकत्र येण्यासाठी वैद्यकाला सुमारे साडेनऊशे वर्षे लागली. मधल्या काळात रक्तवाहिनीचा अभ्यास झाला, म्हातारपणाचा झाला, जखमेचाही झाला. पण तिघांचे एकमेकांशी नाते काय, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. तो का विचारला गेला नाही आणि विचारल्यावर काय हाती आले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

प्रारंभीच शब्दांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीला आपल्या शालेय पुस्तकांत रोहिणी किंवा धमनी म्हणतात आणि परत आणणारीला शिरा किंवा नीला. अरबी-उर्दू तिब्बी ग्रंथांत हीच जोडी शिर्यान आणि वरीद अशी येते. बोलण्यात मात्र हा भेद राहात नाही. उर्दूतली 'रग' आणि मराठीतली 'नस' या दोहोंत रोहिणी, शिरा आणि मज्जातंतू असे सगळेच सामावते. पाठीत नस आखडते आणि हृदयाचीही नसच बंद होते. जुने ग्रंथ वाचताना त्यामुळे थोडे जपून चालावे लागते.

कानूनमधील भूमिका

इब्न सीना यांनी आयुष्याचे चार टप्पे केले आहेत. साधारण तिसाव्या वर्षापर्यंत वाढीचा काळ, मग पस्तीस-चाळीसपर्यंत स्थिर तारुण्य, त्यानंतर साठीपर्यंत कहूलत आणि पुढे शैखूखत. या प्रवासाचे कारण ते शरीरातल्या जन्मजात उष्णतेत आणि जन्मजात ओलाव्यात शोधतात. तिब्बी परिभाषेत यांना हरारते गरीजी आणि रुतूबते गरीजी म्हणतात. युनानी परंपरेत यासाठी दिव्याचा दृष्टांत रूढ आहे : उष्णता ही ज्योत आणि ओलावा हे तेल. ज्योत जळते तेलावर आणि जळता जळता तेच तेल संपवते.

म्हातारपणाचा वाहिनीशी संबंध कानूनमध्ये दोन ठिकाणी प्रत्यक्ष व्यवहारात उतरतो. पहिले ठिकाण नाडीपरीक्षेचे. वृद्धाची नब्ज लहान, मंद आणि विरळ असते असे तेथे सांगितले आहे. दुसरे ठिकाण फस्दचे, म्हणजे शीर उघडून रक्त काढण्याचे. चौदा वर्षांखालील मुलाचे आणि वृद्धाचे रक्त शक्यतो काढू नये, असा इशारा आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातही शिरावेधाला अपात्र ठरणाऱ्यांच्या यादीत बालक आणि वृद्ध आहेतच. दोन्ही परंपरांतील वैद्यांनी हातात शस्त्र घेऊन जे पाहिले असेल, त्याचा हा निचोड आहे हे उघड दिसते.

अवयवाची सलगता तुटणे याला तिब्बी भाषेत 'तफर्रुके इत्तेसाल' असा मोठा नेमका शब्द आहे. हाड मोडणे, मांस फाटणे, रोहिणी चिरली जाणे, हे सर्व त्या एका शब्दात येते. रोहिणीच्या बाबतीत तो प्रसंग प्राणघातक, म्हणून उपायही तसाच. कोर्दोव्याजवळचे शल्यचिकित्सक अल्-जहरावी (मृत्यू १०१३) यांनी वाहती रोहिणी डागणे आणि दोऱ्याने बांधणे यांचे वर्णन केले आहे. रोहिणी पुन्हा जुळवावी असा विचार तेथे नाही, असणे शक्यही नव्हते. जे जुळत नाही ते बांधून टाकायचे.

येथे एक सावधगिरी बाळगावी असे वाटते. आपल्याकडील अनेक लेखांत आजचा प्रत्येक शोध जुन्या ग्रंथात आधीच सापडल्याचे दाखवण्याची हौस दिसते. इब्न अन्-नफीस (मृत्यू १२८८) यांनी फुप्फुसातून होणारे रक्ताचे भ्रमण हार्वेच्या आधी कित्येक शतके वर्णिले, ही गोष्ट कागदपत्रांनी सिद्ध आहे आणि ती अभिमानाने सांगावी. परंतु इब्न सीना यांना रक्तवाहिनीच्या वार्धक्याचा आधुनिक सिद्धांत माहीत होता असे म्हणणे हा त्यांचाच अवमान होईल. त्यांचे कारण, म्हणजे बीज आणि रक्त यांचा भेद, चुकीचे होते. मोलाची आहे ती त्यांची नोंद : भरून येण्याची क्षमता अवयवागणिक वेगळी असते आणि वयागणिकही वेगळी असते.

फ्लॉरेन्समधील एक वृद्ध

१५०७-०८च्या हिवाळ्यात फ्लॉरेन्समधील सान्ता मारिया नुओव्हा इस्पितळात एक वृद्ध पलंगावर बसल्या बसल्या शांतपणे वारला. आपण शंभरी ओलांडली आहे आणि अशक्तपणाखेरीज आपल्याला काहीच त्रास नाही, असे त्याने काही तासांपूर्वीच सांगितले होते. ऐकणारा होता लिओनार्दो दा व्हिन्ची. इतक्या सुखाच्या मरणाचे कारण काय, हे पाहण्यासाठी लिओनार्दोने त्याचे शवविच्छेदन केले. हृदयाला आणि खालच्या अवयवांना रक्त पुरवणारी वाहिनी त्याला सुकलेली, आक्रसलेली आढळली. बारीक वाहिन्या वेड्यावाकड्या झाल्या होत्या, भिंती जाड झाल्या होत्या आणि आतला मार्ग अरुंद झाला होता. पुढे त्याने दोन वर्षांच्या एका बालकाचे शव तपासले. तेथे सर्व काही याच्या उलट होते. वृद्धाच्या वाहिनीला त्याने संत्र्याची उपमा दिली आहे : फळ जुने होते तशी साल जाड होते आणि आतला गर कमी होतो.

एकाच निरीक्षकाने म्हातारी आणि कोवळी रक्तवाहिनी डोळ्यांनी पाहून ताडून ठेवल्याची इतकी स्पष्ट नोंद त्यापूर्वीची दाखवता येत नाही. दुर्दैव असे, की लिओनार्दोची शरीररचनेची टिपणे त्याच्या हयातीत छापली गेली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती प्रसिद्ध होऊ लागली. तोपर्यंत वैद्यकाने वेगळी वाट धरली होती.

नळ आणि गंज

विल्यम हार्वे यांचा रक्ताभिसरणावरील ग्रंथ १६२८ साली निघाला. हृदय हा पंप आणि वाहिन्या हे नळ, अशी प्रतिमा त्यानंतर मनात पक्की बसली. नळ गंजतो, त्यात गाळ साचतो, तो कडक होतो; रक्तवाहिनीचे वार्धक्यही असेच असणार, हे ओघाने आले. लंडनचे थोर शल्यचिकित्सक जॉन हंटर १७९३ साली छातीच्या दुखण्याने गेले, तेव्हा त्यांच्या हृदयाच्या रोहिण्या हाडासारख्या झालेल्या सापडल्या. स्ट्रासबर्गच्या लोबस्टाइन यांनी १८२९ साली या अवस्थेला 'आर्टेरिओस्क्लेरोसिस' म्हणजे रोहिणीकाठिण्य असे नाव दिले. माणसाचे खरे वय त्याच्या रोहिण्यांवरून ठरते, अशा अर्थाचे एक वचन एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वैद्य काझालिस यांच्या नावे सांगितले जाते. पुढे विल्यम ऑस्लर यांच्यासारख्यांनी ते लोकप्रिय केले.

वचन सुबक आहे, पण त्याने एक घोटाळा केला. रोहिणीचा रोग आणि रोहिणीचे वय एकच समजले जाऊ लागले. म्हातारपणी रोहिण्या बिघडणारच, मग त्यात संशोधन ते काय करायचे?

व्हिएन्नाचे रोकितान्स्की आणि बर्लिनचे व्हिर्खो यांच्यातला वाद या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. रोकितान्स्की यांच्या मते रक्तातील घटक वाहिनीच्या आतल्या पृष्ठभागावर बसून थर तयार होतो. व्हिर्खो यांनी १८५६च्या सुमारास मांडले, की वाहिनीची भिंत स्वतःच चिडते, दाह होतो, पेशी वाढतात. म्हणजे त्यांच्या दृष्टीने भिंत हा निर्जीव नळ नव्हता. पण त्यांचे म्हणणे पुढची शंभर वर्षे बाजूला पडले, कारण चरबीने बाजी मारली.

त्यामागे म्हातारपणाचाच एक किस्सा आहे. अति प्रथिनाहाराने म्हातारपण लवकर येते, असे रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांचे मत होते. ते तपासण्यासाठी सेंट पीटर्सबर्गमध्ये इग्नातोव्हस्की यांनी १९०८ साली सशांना मांस, दूध आणि अंडी खाऊ घातली. सशांच्या महारोहिणीत गाठी आल्या. दोष प्रथिनांचा नव्हता. १९१३ साली निकोलाय अनिच्कोव्ह यांनी शुद्ध कोलेस्टेरॉल देऊन तशाच गाठी निर्माण केल्या. वार्धक्याचा शोध घ्यायला निघालेला प्रयोग कोलेस्टेरॉलपाशी येऊन थांबला आणि वयाचा प्रश्न मागे राहिला.

वय आणि रोग एक नव्हेत, याचे पुरावेही हळूहळू येत होते. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या अमेरिकन सैनिकांच्या ३०० शवविच्छेदनांचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय २२ वर्षे आणि तरीही शंभरातल्या सुमारे ७७ जणांच्या हृदयरोहिण्यांत रोगाची काही ना काही खूण डोळ्यांना दिसत होती. उलट २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत इजिप्त, पेरू आदी ठिकाणच्या १३७ ममी क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासल्या, तेव्हा ४७ ममींत रोहिणीकाठिण्य आढळले. रोग असलेल्यांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ४३ होते आणि नसलेल्यांचे ३२. म्हणजे रोग तरुणपणी सुरू होऊ शकतो, प्राचीन काळीही होता, आणि तरीसुद्धा वयाचा हात त्यात आहेच. हा हात नेमका कोठे पडतो, हा खरा प्रश्न उरला.

इजा आणि प्रतिसाद

या प्रश्नाला वळण दिले ते सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रसेल रॉस यांनी. रॉस मुळात दंतवैद्यकाचे पदवीधर होते आणि त्यांचा सुरुवातीचा अभ्यास जखम भरण्याचा होता. त्यामुळे रोहिणीतील गाठ पाहताना त्यांना गंज दिसला नाही, जखमेचा व्रण दिसला. १९७३ साली ग्लॉमसेट यांच्यासह लिहिलेल्या लेखात आणि १९७६च्या विस्तृत मांडणीत त्यांनी जो विचार पुढे ठेवला, तो 'इजेला प्रतिसाद' या नावाने ओळखला जातो.

तो समजण्यासाठी रोहिणीची भिंत डोळ्यांसमोर आणावी. सर्वांत आत पेशींचा एकच पदर असतो, त्याला एंडोथेलियम किंवा अंतःस्तर म्हणतात. मध्ये अनैच्छिक स्नायूपेशींचा आणि लवचीक तंतूंचा जाड थर. बाहेर आधार देणारे आवरण. अंतःस्तराला इजा झाली की रक्तबिंबिका, म्हणजे बोलीतल्या प्लेटलेट, उघड्या जागेवर चिकटतात आणि एक वृद्धिकारक द्रव्य सोडतात. त्याच्या हाकेने मधल्या थरातील स्नायूपेशी आत सरकतात, संख्येने वाढतात आणि जागा भरून काढतात. इकडे अंतःस्तराच्या पेशी कडांकडून पसरत येऊन पृष्ठभाग झाकतात. झाकणे वेळेवर झाले तर स्नायूपेशींची वाढ थांबते. उशीर झाला किंवा इजा होतच राहिली तर भिंत आतून जाड होत जाते.

कापडाच्या भोकाला रफू करावे तसे हे आहे. रफू वेळीच आवरला नाही तर गाठ होते.

रॉस यांनी स्वतः पुढे आपली मांडणी सुधारली. पेशी गळून पडण्याइतकी इजा लागतेच असे नाही, अंतःस्तराचे काम बिघडले तरी पुरते, हे त्यांनी मान्य केले. १९९९ साली, म्हणजे त्यांच्या निधनाच्याच वर्षी, त्यांनी या रोगाला दाहाचा रोग म्हटले. व्हिर्खो यांचे म्हणणे असे दीडशे वर्षांनी परत आले.

अंतःस्तराचे 'काम' म्हणजे काय, हे दरम्यान एका चुकीतून उमगले होते. ब्रुकलिनमधील रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर ॲसिटिलकोलीनचा प्रयोग करीत. पट्टी कधी आकुंचन पावे, कधी सैल पडे. तयार करताना आतली बाजू घासली गेली असेल तर ती सैल पडत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. अंतःस्तर स्वतः काही निरोप पाठवतो, त्याशिवाय स्नायू सैलावत नाही, हे त्यांनी १९८० साली प्रसिद्ध केले. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू, हे १९८७ साली स्पष्ट झाले आणि १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हाच वायू प्लेटलेटना चिकटू देत नाही आणि स्नायूपेशींच्या वाढीला लगाम घालतो. म्हणजे जखम भरताना 'आता पुरे' असे सांगणारा आवाज तो हाच.

वयाबरोबर हा आवाज क्षीण होतो. निरोगी माणसांच्या दंडातील रोहिणी रक्तप्रवाह वाढल्यावर किती रुंदावते हे ध्वनिलहरींनी मोजून सेलेरमायर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली दाखवले, की पुरुषांत हा प्रतिसाद चाळिशीनंतर उतरू लागतो आणि स्त्रियांत साधारण दशकभर उशिरा, पन्नाशी ओलांडल्यावर. चाळिशी हा कहूलतचा उंबरठा आहे, ही आठवण येथे उर्दूच्या अध्यापकाला झाल्याशिवाय राहात नाही; पण योगायोगाला योगायोगच म्हणावे.

म्हातारे उंदीर

प्रयोगशाळेत रोहिणीला मोजून-मापून इजा करण्याची एक पद्धत रूढ झाली होती. नळीच्या टोकाला लावलेला छोटा फुगा रोहिणीत फुगवून ओढायचा, म्हणजे अंतःस्तर खरवडला जातो. हे प्रयोग बहुधा तरुण जनावरांवर होत. तरुण उंदीर स्वस्त, धडधाकट आणि एकसारखे. रोग म्हाताऱ्यांचा आणि परीक्षा तरुणांची, ही विसंगती पुष्कळ वर्षे कोणाला खटकली नाही.

१९८२ साली स्टेमरमन आणि सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या उंदरांवर हा प्रयोग केला. म्हाताऱ्या रोहिणीत जखम कमी भरेल, अशी आपली सर्वसाधारण समजूत. निकाल उलटा आला. म्हाताऱ्या उंदरांत आतला थर तरुणांपेक्षा अधिक जाड झाला. १९८६ साली हरिरी आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला : दोष म्हाताऱ्या रक्ताचा की म्हाताऱ्या भिंतीचा? त्यांनी महारोहिणीचे तुकडे तरुण आणि वृद्ध उंदरांत अदलाबदल करून बसवले. अतिरिक्त वाढ भिंतीच्या वयावर अवलंबून होती.

म्हणजे म्हातारी रोहिणी भरून येत नाही हे खरे नाही. ती भरून येते, पण चुकीची भरून येते. जे पटकन व्हायला हवे ते, म्हणजे अंतःस्तराचे झाकण, सावकाश होते. जे आवरायला हवे ते, म्हणजे स्नायूपेशींची वाढ, आवरत नाही. सर्वसामान्य माणसाची आणि पुष्कळशा वैद्यकाचीही 'झिजण्याची' कल्पना येथे अपुरी पडते.

असे का होते याची कारणे त्यानंतर एकेक करून जोडली गेली. मिनिटाला ७० ठोके धरले तर वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा महारोहिणी ताणली जाते. तिच्यातले लवचीक तंतू मुख्यतः वाढीच्या वयात तयार होतात, नंतर जवळजवळ नाहीत; ते तुटतात आणि जागी ताठ तंतू येतात. हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखवले होते, की माणसाच्या साध्या पेशी ठराविक वेळाच विभागतात आणि मग थांबतात. अशा थांबलेल्या पेशी मरत नाहीत, आजूबाजूला दाहाची द्रव्ये सोडत बसतात. जपानमधील मिनामिनो यांच्या गटाला २००२ साली माणसाच्या रोगट रोहिणीच्या अंतःस्तरात अशा पेशी सापडल्या.

आणखी एक शोध मला या सगळ्यात अधिक बोलका वाटतो. वानहूटे यांच्या गटाने डुकरांच्या हृदयरोहिणीतील अंतःस्तर खरवडून तो परत येऊ दिला. झाकण पूर्ण झाले, सूक्ष्मदर्शकाखाली सर्व ठीक दिसले. पण १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार नवा अंतःस्तर प्लेटलेटना पूर्वीसारखे उत्तर देत नव्हता. भोक भरण्यासाठी पेशींना पुन्हा पुन्हा विभागावे लागले आणि त्या अकाली वृद्ध झाल्या, असा याचा अर्थ वानहूटे यांनी पुढे लावला. वय इजेचा प्रतिसाद बिघडवते हे खरे; पण इजाही त्या जागेचे वय वाढवते.

दोष फक्त भिंतीचाच, हेही अंतिम ठरले नाही. ड्यूक विद्यापीठातील राउशर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली रोहिणीरोग होणाऱ्या जातीच्या उंदरांना तरुण उंदरांची अस्थिमज्जा दिली तेव्हा रोगाला आळा बसला; वृद्ध उंदरांच्या मज्जेने तो बसला नाही. रक्तातून येणाऱ्या दुरुस्तीच्या पेशींविषयी आसाहारा यांनी १९९७ साली मांडलेल्या कल्पनेला यामुळे बळ मिळाले. यांपैकी बऱ्याच पेशी अंतःस्तराच्या नसून पांढऱ्या पेशींच्या कुळातल्या आहेत, हे नंतर कळले. तरी तरुण मज्जेचा परिणाम खोटा ठरला नाही.

फुगा माणसाच्या रोहिणीत

हे सारे प्रयोगशाळेतच राहिले असते. पण १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी एका ३८ वर्षांच्या रुग्णाच्या अरुंद हृदयरोहिणीत फुगा फुगवून वाट मोकळी केली. पहिले फुगे त्यांनी स्वतःच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवले होते. त्या रुग्णाची रोहिणी दहा वर्षांनी तपासली तेव्हाही उघडी होती. उंदराला मुद्दाम केली जाणारी इजा आता उपचार म्हणून माणसाला होऊ लागली आणि रॉस यांचा सिद्धांत इस्पितळातल्या रोजच्या अनुभवात उतरला. दहांपैकी तीन-चार रुग्णांत ती जागा सहा महिन्यांत पुन्हा अरुंद होई.

त्यावर तोड म्हणून १९८६ साली तुलूझ येथे माणसाच्या हृदयरोहिणीत पहिली धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवली गेली. हैदराबादचाही या इतिहासात वाटा आहे. संरक्षण संशोधनातील धातुज्ञान वापरून ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि हृदयरोगतज्ज्ञ सोमा राजू यांनी १९९८ साली स्वस्त स्टेंट तयार केला, तो कलाम-राजू स्टेंट म्हणून ओळखला जातो. जाळीने भिंत मागे येणे थांबले, पण स्नायूपेशी जाळीच्या तारांमधून वाढत राहिल्या.

मग आले सिरोलिमस. १९६४ साली एका कॅनेडियन मोहिमेने प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावरून मातीचे नमुने आणले होते. त्या बेटाचे स्थानिक नाव रापा नुई. त्या मातीतल्या जंतूपासून माँट्रियलच्या एका औषध प्रयोगशाळेत सुरेन सेहगल यांनी जे द्रव्य वेगळे केले त्याला म्हणून रापामायसिन नाव पडले. सिरोलिमस ते हेच. सेहगल यांचा जन्म फाळणीपूर्व पंजाबातला आणि शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठातले. कंपनीने काम थांबवून प्रयोगशाळा हलवली, तेव्हा त्यांनी नमुना घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. तो त्यांनी टाकून दिला असता तर पुढचे काहीच घडले नसते.

हे औषध पेशींची वाढ थांबवते. त्याचा लेप दिलेल्या स्टेंटची २३८ रुग्णांवरील चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. साध्या स्टेंटच्या गटात चारातल्या एकाहून थोड्या अधिक रुग्णांची रोहिणी पुन्हा अरुंद झाली. लेपाच्या गटात एकाचीही नाही. जगभर जल्लोष झाला. पण स्नायूपेशींना थांबवणारे औषध अंतःस्तराच्या पेशींनाही थांबवते. २००६च्या सुमारास वर्ष-दोन वर्षांनी स्टेंटमध्ये अचानक गुठळी होण्याच्या घटना चर्चेत आल्या. भारतात जन्मलेल्या विकृतिशास्त्रज्ञ रेणू विरमाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृतांच्या रोहिण्या तपासल्या, तेव्हा कित्येक तारा अजून उघड्याच होत्या. जखम भरली नव्हती. तिला भरू दिलेच नव्हते. पुढच्या पिढ्यांच्या स्टेंटमध्ये तारा बारीक झाल्या, लेप सौम्य झाले आणि हा धोका बराच उतरला.

याच रापामायसिनची दुसरी कथा २००९ साली समोर आली. माणसाच्या साठीशी जुळेल अशा वयाच्या, ६०० दिवसांच्या उंदरांना ते खाद्यातून दिले, तर नर आणि मादी दोघांचेही आयुष्य वाढले. जखमी रोहिणीला अतिवाढीपासून आवरणारे आणि म्हातारपण लांबवणारे द्रव्य एकच निघावे, यावरून पेशींची वाढ, जखम आणि वय हे एकाच यंत्रणेभोवती फिरतात असे म्हणावयास जागा आहे.

वृद्ध रुग्णाचा पेच

उंदरावरून माणसाचे भाकीत करताना हात आखडता घ्यावा लागतो. स्टेंटची जागा पुन्हा अरुंद होण्याची ठळक कारणे माणसांत मधुमेह, रोहिणीचा बारीकपणा आणि स्टेंटची लांबी ही ठरली. वयाचा प्रभाव एकट्याने तितका ठसठशीत दिसत नाही. वृद्धाला वय अडचणीत आणते ते वेगळ्या वाटेने. स्टेंट झाकला जाईपर्यंत प्लेटलेटना रोखणारी दोन औषधे घ्यावी लागतात. ती लवकर थांबवली तर गुठळीचे भय, लांबवली तर रक्तस्रावाचे. आणि वृद्धाला रक्तस्राव सहज होतो. म्हणून पुष्कळ वर्षे पंचाहत्तरीच्या पुढच्यांना साधाच स्टेंट बसवत, कारण त्यात औषधे लवकर थांबवता येत. मोठ्या चाचण्यांत मात्र या वयाची माणसे फारशी घेतली जात नसत. येथेही रोग म्हाताऱ्यांचा आणि परीक्षा तरुणांची हीच गत.

ही उणीव काही अंशी भरून काढणारी 'सीनियर' नावाची युरोपीय चाचणी २०१७च्या अखेरीस जाहीर झाली. पंचाहत्तर आणि त्यापुढच्या १२०० रुग्णांत नव्या पिढीचा लेपित स्टेंट आणि साधा स्टेंट यांची तुलना झाली. दुहेरी औषध स्थिर दुखण्यात एक महिना आणि अस्थिर दुखण्यात सहा महिने, दोन्ही गटांत सारखेच. वर्षभरात मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा पुन्हा करावा लागलेला उपचार यांचे एकत्रित प्रमाण लेपित गटात १२ टक्के आणि साध्या गटात १६ टक्के निघाले. औषधे थोडक्या दिवसांत थांबवूनही.

स्टेंटच्या तारा झाकल्या गेल्या की नाही, हे आता जिवंत माणसातही पाहता येते. रोहिणीत बारीक नळी घालून प्रकाशकिरणांनी भिंतीचे चित्र घेतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका पापुद्राही त्यात दिसतो. तो पापुद्रा कामाच्या अंतःस्तराचा आहे की नुसत्या साखळलेल्या फायब्रिनचा, एवढे मात्र त्या चित्रावरून खात्रीने ओळखता येत नाही.